परसातली उन्हाळी भाजी

चैत्र लागला की भाजीबाजारात एक चमत्कार दिसू लागतो. थंडीत टोपलीच्या टोपली स्वस्तात मिळणारी मेथी-कोथिंबीर कोमेजून, पाणी शिंपडून शिंपडून कशीबशी हिरवी ठेवलेली असते, आणि भाव मात्र ताठ! अशा दिवसांत आपल्याच परसातली चार भेंड्या आणि एक काकडी तोडून आणण्यात जो आनंद आहे, त्याची किंमत बाजारात करता येत नाही. पण ह्या आनंदाच्या वाटेत खाचखळगे फार, आणि ते आधी माहीत असलेले बरे. म्हणून आज तुमच्याशी थोडे त्याविषयी बोलायचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे काय लावावे हे उन्हाला विचारून ठरवावे, आपल्या जिभेला विचारून नव्हे. कोबी, फुलकोबी, वाटाणा ही थंडीची बाळे. त्यांचा हट्ट धरू नये. टोमॅटो पुष्कळांना हवा असतो. झाड वाढतेही छान, फुलतेही. पण दिवसाचे उष्णतामान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रही उकडू लागली की फुले फळ न धरताच गळतात. खत कमी पडले असे समजून माणूस आणखी खत घालतो, आणि झाड नुसते पानांनी माजते. उन्हाळा खरा मानवतो तो भेंडीला, गवारीला, चवळीला, काकडी-दोडका-दुधी-कारली ह्या वेलांना आणि तांबड्या माठाला. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत बी पडले म्हणजे ऐन कडाक्यापूर्वी झाडे मुळे धरतात. भेंडीला पेरल्यापासून सुमारे दीड महिन्याने पहिली फळे येतात. कोथिंबीर हवीच असेल तर धणे रगडून दोन करावेत आणि भिंतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत थोडे थोडे पेरावेत. उन्हात ती लवकर फुलावर येते, आणि मग पाने कसली मिळतात!

आता पाण्याचे. हा खरा प्रश्न. नळाला पाणी दिवसाआड येते, विहिरीने तळ गाठलेला असतो, घरात माणसांचे हंडे भरायचे की वेलांचे, यावरून सासूसुनेत दोन शब्द होतात, आणि दोघींचेही म्हणणे खरे असते. अशा वेळी दहा वेल अर्धपोटी ठेवण्यापेक्षा चार वेल पोटभर वाढवावेत. उरलेले उपटताना जीव तुटतो खरा, पण अर्धवट पाण्यावरची काकडी कडू होते आणि दोडका वेडावाकडा, रेषाळ होतो. म्हणजे पाणीही गेले आणि भाजीही गेली. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी आळ्यात जाऊ द्यावे. न्हाणीचे पाणी आपले वाडवडील अळूला आणि केळीला सोडत. साबणाचे पाणी कोवळ्या भाजीला नको, पण ही दोघे ते पुष्कळसे सोसतात.

जुनी आणि स्वस्त युक्ती म्हणजे मडक्याची. कच्च्या रंगाचे, झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत आळ्यात पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर परळ ठेवावा. मातीतून पाणी पाझरत राहते, आणि मुळे आपणहून मडक्याभोवती गोळा होतात. वरची माती कोरडी राहिल्याने तणही थोडे उगवते. सभोवार वाळलेला पाला, उसाची पाचट किंवा भाताचा पेंढा चार बोटे जाड पसरला की जमीन तापत नाही. गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांनी कुंडीभोवती ओले पोते गुंडाळावे. दुपारी डब्याला हात लावून पाहा. हाताला चटका बसत असेल तर आत मुळांचे काय होत असेल?

वेलांच्या बाबतीत एक तक्रार नेहमी ऐकू येते: "फुले ढीगभर, पण फळ एकही नाही." घाबरू नका. ह्या वेलांवर नरफुले आणि मादीफुले वेगळी असतात. आधी नरफुलेच येतात, आणि कडक उन्हात त्यांचीच भरती जास्त. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, ही ओळख. मधमाश्या फिरकत नसतील तर नरफूल तोडून त्याचे केसर मादीफुलावर हलकेच टेकवावे. मात्र वेळ साधावी: काकडी-कारल्याची फुले सकाळी उमलतात, दुधी-दोडक्याची संध्याकाळी. दिवेलागणीला मुलांना हे काम द्या. आठवड्याने तेच फळ दाखवायला तुम्हाला ओढत नेतील.

किडीचा जाच तर सांगायलाच नको. वेल दोन पानांवर असताना तांबडे भुंगे येतात आणि एका दिवसात पानांची चाळण करतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. तेव्हा हाताने वेचावेत आणि पानांवर चुलीची राख धुरळावी. चवळीवर मावा आला की लगेच औषध मारू नका. त्यावर ढालकिडे आलेत का ते आधी पाहा. ते तुमचे काम फुकट करतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या तर तो केवडा. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि बरा होत नाही. असे झाड उपटून टाकलेले बरे. दिल्लीच्या 'पुसा सावनी' जातीवर एके काळी फार भरवसा होता, पण पुढे तीही केवड्याला बळी पडू लागली. १९८५ साली परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' दिली आणि भेंडीवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

इथे एक इशारा, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. काकडीच्या देठाचा तुकडा कापून घासण्याची चाल घरोघर आहे. घासल्याने किती कडूपणा जातो ते असो. पण कडूपणा देठाकडे जास्त असतो, तेव्हा कापलेला बरा. दुधीचे मात्र तसे नाही. दुधी चिरल्यावर तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर भाजी करू नये आणि रस तर एक घोटही पिऊ नये. त्यातले द्रव्य विषारी असते, आणि कडू रस पिऊन माणसे दगावली आहेत. घरची भाजी म्हणून टाकवत नाही, हे खरे. पण ती गुरांपुढेही टाकू नका, सरळ पुरून टाका.

तोडणी मात्र सुखाची. भेंडी एक दिवसाआड तोडावी. दोन दिवस गावाला जाऊन याल तर तीच बोटभर लांबीची भेंडी काठीसारखी जून झालेली दिसेल. लव अंगाला खाजते, तेव्हा लांब बाह्यांचा सदरा घालावा. एखाद्या रोगमुक्त, जोमदार झाडाची दोन भेंड्या मात्र तशाच वाळू द्याव्यात. संकरित बियाण्याच्या असतील तर नकोत, त्यांचे बी जातीवर टिकत नाही. तडकण्याआधी त्या काढाव्यात, बी सावलीत सुकवावे, राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि वर कागदावर जात व वर्ष लिहावे. अक्षय्य तृतीयेला पावसाळी वेलांची आळी करायची असतात, तेव्हा दोडक्या-काकडीच्या बिया शोधताना हाच डबा आधी हाताला लागेल.