अनेक वैद्य, एक रोगी

बडोद्याच्या जुन्या कोटाचा पूर्व दरवाजा म्हणजे पाणीगेट. या भागात सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे. शहरात सर सयाजीराव जनरल रुग्णालय असून १९४९ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. पाणीगेटच्या रहिवाशाला वैद्यांची वाण नाही. त्याची अडचण निराळी आहे. वैद्य जितके, तितके सल्ले.

सत्तरी ओलांडलेला एखादा गृहस्थ घ्यावा. मूतखड्याची व्यथा जुनी, म्हणून मूत्ररोगतज्ज्ञ सांगतात की, दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. पुढे हृदय दुर्बळ होते, पायांवर सूज येते, आणि हृदयरोगतज्ज्ञ बजावतात की, पाणी मोजून प्या. गुडघ्यांसाठी तिसऱ्या डॉक्टरांची वेदनाशामक गोळी चालू असते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे शरीरात मीठ व पाणी अडवितात आणि मूत्रपिंडांनाही अपाय करू शकतात. खोकल्यावर घरचे ज्येष्ठमध असतेच. ते बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. सूज उतरविणाऱ्या कित्येक गोळ्यांनीही तेच घटते.

यांत लबाड कोणी नाही. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेल्या अवयवाचा विचार केला. सबंध माणूस कोणापुढे आलाच नाही. मग ज्याचा सल्ला सोयीचा तो वैद्य शहाणा, असे घरात ठरते. नाही तर रोगी कंटाळून सगळीच औषधे बंद करतो. दोन्ही वाटा घाताच्या.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या गुणांत आज्ञापालनाबरोबरच स्मरणशक्ती व आपली व्यथा नीट सांगण्याची पात्रता यांचीही गणना केलेली आहे. रोग्याचे हे काम वैद्याला करता येत नाही.

यासाठी एकाच कागदावर काढे, चूर्णे व दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह सर्व औषधे लिहावीत आणि तो कागद प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवावा. सल्ले जुळत नसतील तर स्पष्ट विचारावे: "आपल्या सल्ल्याने कोणता धोका टळतो? दुसरा सल्ला पाळल्यास कोणता ओढवतो? दोहोंपैकी जवळचा कोणता?" शेवटी सारे कागद एका अनुभवी फिजिशियनच्या हाती देऊन, दोन्ही तज्ज्ञांशी बोलून पाण्याचे एकच माप ठरवून देण्याची त्यांना विनंती करावी. मात्र दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले किंवा आडवे होताच धाप लागली, तर या विचारविनिमयासाठी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

तज्ज्ञांचे मतभेद हा वैद्यकाचा पराभव नव्हे. ते मतभेद एकमेकांच्या कानांवर न जाता रोग्याच्या अंगावर लढले जावेत, हा खरा पराभव होय.