संक्षेपात हरवलेली हमी



संक्षेप ही केवळ जागा वाचविण्याची युक्ती नव्हे. प्रत्येक भाषा आपल्या शब्दक्रमाप्रमाणे व लिपीप्रमाणे नावे आखडते. इंग्रजीतील ‘नाटो’ फ्रेंचमध्ये ‘ओतां’ होते, कारण तेथे शब्दांचा क्रमच उलटा आहे. जागतिक प्रमाणवेळेसाठी इंग्रजीप्रमाणे ‘सीयूटी’ व फ्रेंचप्रमाणे ‘टीयूसी’ व्हावयास हवे होते. अखेर दोहोंशी न जुळणारे ‘यूटीसी’ स्वीकारले गेले. मराठी बहुधा मात्रेसह सबंध अक्षर उचलते. भारतीय कम्युनिस्ट पक्ष मराठीत ‘भाकप’ होतो. हिंदीत ‘पार्टी’मुळे ‘भाकपा’.

व्यवसाय बदलला की अर्थही बदलतो. ‘ओ. टी.’ म्हणजे कारखान्यात जादा काम, रुग्णालयात शस्त्रक्रियागृह. ‘एस. टी.’ म्हणजे खेड्यातील प्रवाशाची गाडी आणि दाखल्यावर अनुसूचित जमात. त्या त्या वर्तुळातील माणसाचे यात काहीच अडत नाही. अडते ते खिडकीबाहेर उभ्या असलेल्याचे.

‘रोहयो’चेच पाहा. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, हा त्याचा गाभा. तो सारा मधल्या ‘ह’मध्ये सामावलेला आहे. पण बोलीत ‘रोहयोचे काम’ म्हणजे खडी फोडणे एवढेच उरले; हमी गळाली आणि हक्काला सरकारी कृपेचे रूप आले. २००५ च्या केंद्रीय कायद्याचा ‘नरेगा’ व २००९ नंतर ‘मनरेगा’ झाला. त्यातील ‘ग’ गॅरंटीचा. पण इंग्रजी न जाणणाऱ्या मजुराला तो कसा उमगावा?

याचा अर्थ संक्षेप टाकून द्यावेत, असा नाही. ‘सातबारा’ हाही संक्षेपच. गाव नमुना सात व बारा मिळून तो झाला. परंतु जमीन त्यावर अवलंबून असल्याने निरक्षर शेतकऱ्यालाही त्याचे मोल कळते. प्रश्न अक्षरे किती हा नसून, त्यांचा अर्थ कोणाच्या हाती आहे हा आहे.

म्हणून कार्यकर्त्याने पत्रकात, अर्जात व सभेत प्रथम पूर्ण नाव घ्यावे, त्यातील प्रत्येक शब्दाने मिळणारा हक्क समजावून सांगावा आणि मगच संक्षेप वापरावा. ‘ह’ म्हणजे हमी हे ज्या मजुराला ठाऊक आहे, तो काम मागताना हात जोडणार नाही. अर्जाची पोच मागेल.