ट्रॉलीच्या मागे रेडियम लावा



माझी उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. त्यामुळे बोलणार रस्त्यावरच. आणि ते थंडीत बोललं पाहिजे, कारण आपल्या भागात थंडी नुसती हुडहुडी भरवत नाही, ती माणसांना अंधारात कामाला लावते. कारखाने सुरू होतात, ऊस रात्री चालतो, गव्हा-हरभऱ्याला पाणीही रात्रीच द्यावं लागतं.

ड्रायव्हरला सगळ्यात जास्त धास्ती कशाची, सांगू? रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीची. चाक पंक्चर झालं की ट्रॅक्टरवाला मागेपुढे दगड लावतो आणि मेकॅनिक आणायला जातो. ट्रॉलीला लाइट नाही, रंग चिखलाचा, वाढे मागे लोंबतात. मागून येणाऱ्याला ती जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. पुढे ट्रॉली निघून जाते, दगड मात्र तिथेच राहतात, ते पहाटे दूधवाल्याच्या मोटारसायकलला सापडतात.

गणिताच्या पोरांनी हिशेब करून पाहावा. ताशी 60 किलोमीटरने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर 25 मीटर रस्ता संपला. ब्रेक तर अजून लागायचाच आहे. आभाळ मोकळं, वारा पडलेला आणि आसपासची रानं भिजलेली असली, की पहाटे ओढ्याच्या पुलावर धुकं हमखास बसतं. अशा वेळी नवशिके अप्पर मारतात. उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून उलटा डोळ्यांत येतो. डिपरवर या, वेग कमी करा आणि मफलर कितीही गुंडाळा, पण हेल्मेट घाला. नुसत्या मफलरनं डोकं वाचत नाही.

आता शेताकडे. सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, दिवसा वीज मिळू लागलेली गावंही आहेत. पण जिथे अजून रात्रीची पाळी आहे, तिथे तुमचे वडील ओल्या पायांनी स्टार्टरच्या पेटीला हात घालतात. गारठ्यानं बोटं बधिर झालेली, एका हातात बॅटरी. घोणस थंडीतही बाहेर पडते आणि ढेकळात ती ओळखू येत नाही. म्हणून गमबूट, जाड काठी, पेटीला अर्थिंग, आणि कोरड्या फळीवर उभं राहूनच बटण. शक्यतो एकट्यानं जाऊ नये. दिवसा वीज मागणाऱ्या शेतकऱ्याला आळशी म्हणणारे मला भेटतात, तेव्हा फार राग येतो. तो जीव सांभाळायला मागतोय.

एक भीती मनातून काढा. अपघात दिसला की लोक पोलिसांच्या लफड्याला घाबरून पुढे जातात. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, आपलं नाव-गाव सांगायची सक्ती त्याच्यावर नाही. 108 ला फोन लावा आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या माणसाजवळ थांबा. रस्त्यावर पडलेला माणूस गारठ्यात लवकर खचतो, त्याच्या अंगावर काहीतरी पांघरा.

येताना मी रेडियम पट्टीचे रोल आणलेत, सरांच्या टेबलावर आहेत. लाल पट्टी मागे, पिवळी बाजूंना, पांढरी पुढे. ज्यांच्या घरी ट्रॉली किंवा बैलगाडी आहे, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर घेऊन जा. लावण्याआधी पत्रा फडक्यानं कोरडा पुसा, चिखलावर ती धरत नाही. सायकलवाल्यांनी मागच्या मडगार्डला एक तुकडा लावा. पट्टी कमी पडली तर मला कळवा, आणखी पाठवतो.