पाडव्याच्या संध्याकाळची आग

(कोजागिरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेले भाषण)



दरवर्षी कोजागिरीला आपण इथे दूध आटवतो आणि चंद्राकडे बघतो. आज मी तुम्हाला चंद्र नसलेल्या एका रात्रीची गोष्ट सांगणार आहे.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. मी गावी, खोडाळ्याला गेलो होतो. गुढी उतरवून झाली होती, आम्ही अंगणात बसलो होतो. पावणेआठच्या सुमाराला मुलं ओरडली, "ते बघा!" उत्तरेला, डोंगरांच्या वर आगीच्या रेघा चालल्या होत्या. एकामागोमाग एक, शेपट्या सोडत, अगदी सावकाश.

आईनं माझा हात घट्ट धरला. १९७९ साली स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून केवढी घबराट उडाली होती! ते शेवटी पडलं ऑस्ट्रेलियात, पण तिला ते दिवस आठवले. म्हणाली, "अरे, त्यात माणूस तर नव्हता ना?"

मी पडलो शहरात शिकलेला. म्हटलं, "काही नाही गं, उल्का आहेत."

मग बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. कुणाला लागलं नाही हे नशीब. जाणकारांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी रॉकेटचा उरलेला भाग होता.

म्हणजे मी आईला ठोकून दिलं होतं. खरं तर वेगावरून ओळखता आलं असतं. उल्का सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगानं येते, बहुधा क्षणात विझते. कक्षेतून उतरणारी वस्तू येते साधारण आठ किलोमीटरनं, तीही तिरकी. म्हणून मिनिटभर दिसत राहते. तिच्यापुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते, आणि तिचे तुकडे होऊन ओळ लागते.

आईचा प्रश्न मात्र वेडा नव्हता. माणसंही याच आगीतून घरी येतात. १ फेब्रुवारी २००३ ला टेक्सासमधल्या लोकांनी सकाळच्या आकाशात अशाच रेघा पाहिल्या. ते कोलंबिया यान होतं. आपली कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती त्यात होते.

१५ जुलै २०२५ ला शुभांशु शुक्ला परतले, तेव्हा आई टीव्हीसमोरून हलली नाही. मी तिला सांगितलं, की यानाच्या तळाशी उष्णतारोधक कवच असतं, ते आग सोसतं. काही मिनिटं संपर्क तुटतो, तेवढं थांबायचं. यान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा कुठे तिनं चहा घेतला.

मुलांनो, आजीनं काही विचारलं आणि येत नसेल, तर "माहीत नाही, शोधून सांगतो" म्हणा. मला ते सुचायला हवं होतं.

दूध निवतंय.