छताला टांगलेली सायकल



जुन्या घरांतून माजघरात पाळणा आणि ओटीवर झोपाळा टांगलेला असे. त्यांच्या कड्या बसविणारा सुतार आधी तुळई ठोकून पाही, मगच हत्यार उचली. हल्ली गॅरेजमध्ये मोटार आली की सायकलीला जागा उरत नाही, म्हणून ती कप्प्यांच्या साहाय्याने छताशी टांगण्याचे साधन घेतले जाते. तेथेही त्या सुताराचीच दृष्टी हवी. कारण या कामात कप्पीपेक्षा छताचे महत्त्व अधिक.

साधन तसे साधेच. हँडल आणि बैठक यांच्यात जेवढे अंतर, तेवढ्या अंतरावर छताला कप्प्यांच्या दोन पट्ट्या बसवितात. खाली दोरीवर झुलणाऱ्या दोन कप्प्यांना रबराने मढविलेले आकडे असतात. एक हँडलला, दुसरा बैठकीला. एकच दोरी दोन्ही झुलत्या कप्प्यांतून ओवलेली असेल, तर वजन चार पदरांवर वाटले जाते. २० किलोची सायकल, घर्षण सोडल्यास, ५ किलोच्या ओढीने उचलते. मोबदला दोरीत द्यावा लागतो : सायकल १ मीटर वर न्यायची, तर दोरी ४ मीटर ओढायची. विहिरीवरच्या एकट्या कप्पीत ही सवलत नव्हती. तेथे घागरीचे सारे वजन हातालाच येई.

आता छत. कडीपाट असेल, तर बारीक भोक पाडून स्क्रू कडीतच बसवावा. पाटाची फळी पातळ, तीत पुरेशी पकड मिळत नाही. कडीला वाळवी लागली असल्यास हा बेतच सोडावा. सिमेंटच्या स्लॅबमध्ये फुगणारे बोल्ट घ्यावेत, आणि त्यांची खोली गिलावा वगळून मोजावी. शोभेच्या प्लास्टरच्या खोट्या छताला तर कॅलेंडरही टांगू नये. सायकल टपावर न टांगता बॉनेटच्या वर टांगावी. टपावर तेवढी उंची सहसा मिळत नाही.

ओढताना हलकी बाजू आधी वर जाते. म्हणून एका हाताने दोरी ओढावी, दुसऱ्याने सायकलीचा तोल धरावा. दोरी पकडणारा खटका असतो; पण केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये. भिंतीवरील दोन शिंगांच्या खुंटीला इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे वेढे द्यावेत (आपला मराठी आठ येथे कामाचा नाही). ही खुंटी मुलांचा हात पोचणार नाही इतकी उंच असावी. दोरी सोडताना खाली मूल उभे असेल, तर अपघाताला दुसरे निमित्त लागत नाही.

रोज बाहेर निघणाऱ्या सायकलीसाठी ही सोय नव्हे. चार दिवसांत कंटाळा येतो, आणि कंटाळलेला हात वेढे द्यायला विसरतो. सुट्टीत चालविण्याची किंवा परगावी शिकणाऱ्या मुलाची सायकल खुशाल वर ठेवावी.

गोवा-बेळगावकडच्या पावसात आकडे गंजतात. पावसाळा सरला की ते आणि दोरी दोन्ही तपासावीत. दोरी झिजली असल्यास गाठ मारून भागवू नये, नवी घ्यावी. गाठ कप्पीत अडकते, आणि ती बहुधा सायकल अर्ध्या वाटेवर असताना!