चंचल मुले आणि आपला वर्ग
(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा आपण सर्वांनी प्रगतिपुस्तकात वाचला आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो लिहिलाही आहे. अशा मुलाला गणित तोंडी विचारले तर उत्तर बरोबर येते, वहीत मात्र हातचा राहून जातो. वही घरी विसरते, दुसऱ्याचे बोलणे संपण्यापूर्वीच ते बोलू लागते, एका जागी बसणे त्याला जमत नाही. शिक्षा होते; दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते शेवटच्या बाकावर जाते आणि काही वर्षांनी शाळेत येईनासे होते.

लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनी याला नैतिक संयमाचा दोष म्हटले होते. आज आपण जाणतो की, लक्ष टिकविणे व स्वतःला आवरणे ही मेंदूची कामे असून काही मुलांत ती क्षमता उशिरा व अपुरी विकसित होते. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जगभरच्या पाहण्यांनुसार हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन. मुली पुष्कळदा गडबड करीत नाहीत, खिडकीबाहेर पाहत बसतात. त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

तथापि, प्रत्येक खोडकर मुलावर हा शिक्का मारू नये. निदान हे डॉक्टरांचे काम आहे. ही लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, घरी व शाळेत दोन्हीकडे आणि निदान सहा महिने दिसावी लागतात. त्याआधी मुलाचे डोळे व कान तपासावेत. कान वाहणाऱ्या मुलाला ऐकू येत नसते आणि आपण त्याला बेफिकीर ठरवतो! अपुरी झोप व रक्तक्षय यांचाही विचार करावा.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. चौथीच्या वर्गातील एका मुलाला मी सबंध तास उभे राहण्याची शिक्षा केली होती. तास संपल्यावर वही पाहिली, तर त्या दिवशी प्रथमच त्याने फळ्यावरचे सारे लिहून घेतले होते. उभ्याने त्याचे चित्त ठरत होते. पुढे मागच्या भिंतीलगत एक उंच मेज ठेवून तेथे उभ्याने लिहिण्याची मुभा मी त्याला दिली. ही युक्ती सर्वांना लागू पडेल असे नाही. परंतु शोध घेण्याची दिशा हीच. दहा उदाहरणे एकदम न देता पाच-पाच द्यावीत. सूचना एका वेळी एकच, तीही जवळ जाऊन सांगावी. वह्या वाटणे, फळा पुसणे अशी कामे देऊन हालचालीला वाट द्यावी. काम जमले की तेथल्या तेथे शाबासकी द्यावी. महिन्याअखेरच्या कौतुकाचा अशा मुलाला उपयोग नसतो. मधली सुट्टी वा खेळाचा तास काढून घेणे ही तर उलटीच शिक्षा होय. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केलेली आहेच.

काही मुलांना औषधही लागते. ते डॉक्टरांनी ठरवावे. शिक्षकाने त्याचा आग्रह धरू नये आणि पालकांनी त्याची लाज बाळगू नये.

पंचायत सदस्यांचे काम येथे सुरू होते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांतून मुलांची तपासणी होते आणि तिच्या यादीत अवधानाचा हा विकारही आहे. पथक येईल त्या दिवशी नेमके तेच मूल गैरहजर राहू नये, एवढी दक्षता आपण घ्यावी. पुढील तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची चिठ्ठी मिळाली, पण मजुरी बुडते म्हणून आईबाप गेले नाहीत, असे घडते. तेथे कोणीतरी सोबत जावे लागते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत गेल्या तीन वर्षांत शाळा सोडलेल्या मुलांची प्रगतिपुस्तके काढून पाहा आणि सुरुवातीला सांगितलेला तो शेरा त्यांपैकी कितींवर आहे, ते मोजा.