लोह कुणाला हवे, कुणाला नको

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काही दिवसांपूर्वी नंदुरबारच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. साठीच्या पुढचे, शहाद्याकडचे शेतकरी. खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवले. रक्तात लोह साठले की हृदयविकार होतो, असे त्यात लिहिले होते. ‘डॉक्टरसाहेब, सूनबाईला पाचवा महिना आहे. नर्सबाई लाल गोळ्या देऊन गेल्या. मी त्या बंद करायला लावल्या. बरोबर केलं ना?’

मी म्हटले, ‘काका, गोळ्या आजच परत सुरू करा. आणि सूनबाईंना एकदा तपासायला घेऊन या.’

गंमत अशी, की त्या कात्रणात लिहिलेले अगदीच खोटे नव्हते. म्हणून आज हा विषय घेतला.

आपल्या शरीरात सगळे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याइतके. त्यातले बरेचसे रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. जुन्या रक्तपेशी मोडल्या की त्यातले लोह शरीर परत वापरते. अन्नातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आत घेतले जाते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय मात्र निसर्गाने केलेलीच नाही. मीठ जास्त झाले तर लघवीवाटे जाते, लोह जात नाही. ते यकृतात, स्वादुपिंडात, हृदयाच्या स्नायूत साठत राहते. मोकळे लोह पेशींच्या आत घातक रासायनिक क्रिया घडवते. लोखंड गंजते त्याच जातीचा हा प्रकार.

जेरोम सुलिव्हन या अमेरिकी डॉक्टरांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक विचार मांडला. पाळी चालू असेपर्यंत बायकांना हृदयविकार कमी होतो, पाळी गेल्यावर वाढतो. सगळे म्हणत, हा हार्मोन्सचा परिणाम. सुलिव्हन म्हणाले, दर महिन्याला रक्ताबरोबर लोह जाते, त्यामुळे साठा होत नाही, हे कारण असेल. १९९२ साली फिनलंडमधल्या पुरुषांच्या पाहणीत, ज्यांच्या रक्तात फेरिटिन, म्हणजे लोहसाठ्याचे माप, २०० च्या वर होते, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके दुपटीहून जास्त आढळले. जगभर बातम्या झाल्या. काकांचे कात्रण त्याच वंशातले.

पण पुढची गोष्ट कात्रणात नव्हती. नंतरच्या पाहण्यांत काहींत संबंध दिसला, काहींत दिसला नाही. अमेरिकेत पायांच्या रक्तवाहिन्या आक्रसलेल्या १,२७७ रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांचे रक्त ठरावीक काळाने काढून लोह कमी केले. २००७ साली निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक नव्हता. शिवाय फेरिटिन नुसत्या लोहाने वाढत नाही. ताप, जंतुसंसर्ग, यकृतावरची चरबी, मधुमेह यांतही वाढते. आकडा मोठा दिसला म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही.

उलट, हृदय अशक्त झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत लोहाची कमतरता सापडते. त्यांना शिरेतून लोह दिले तर धाप कमी होते, चालवते. गोळ्यांनी तेवढा फायदा होत नाही. म्हणजे हृदयाला लोह जास्तही नको आणि कमीही नको.

मग लोहाने हृदय खरोखर कुणाचे बिघडते? ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांचे. रक्ताच्या एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांच्यातली कित्येक मुले पूर्वी विशी गाठण्याआधीच दगावत, ती हृदयात साठलेल्या लोहाने. आता लोह बाहेर काढणारी औषधे आहेत. त्यातले डेफेरिप्रोन हे तोंडाने घ्यायचे औषध जगात आधी भारतात, १९९४ साली परवाना मिळून वापरात आले.

आणि आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. सातपुड्याच्या पायथ्याला आणि वर धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल, पावरा, गावित समाजांत सिकलसेल आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. यात रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडते. हिमोग्लोबिन सात-आठ येते. असा कागद हातात पडला की पहिले काय होते? ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाचे टॉनिक. पण इथे मोडलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहिलेले असते. कुणाला अनेकदा रक्त चढवलेले असते. वर्षानुवर्षे टॉनिक घेतलेला, सांधे दुखतात म्हणून दारोदार फिरलेला तरुण मी पाहिला आहे. त्याची सिकलसेलची चाचणी कुणी केलीच नव्हती. ती साधी, थेंबभर रक्ताची तपासणी आहे. त्यात दोष दिसला तर पुढची पक्की तपासणी करावी लागते. अशा रुग्णाला फॉलिक ॲसिड लागते, बहुतेकांना हायड्रॉक्सियुरिया लागते. लोह मात्र फेरिटिन पाहूनच. कारण आपल्याकडे पोटात जंत आणि ताटात कमी अन्न असलेल्या सिकलसेलच्या रुग्णातही लोह खरोखर कमी असू शकते. सरसकट बंद, हेही चूक.

सिकलसेलच्या नुसत्या वाहकाला यातले काही लागू नाही. त्याने इतरांप्रमाणेच गोळी घ्यावी. हा घोटाळा फार होतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर अशा बाईपाशी शिल्लक काहीच नसते. गरोदरपणातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते; ती १८० दिवस रोज, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस घ्यायची. शौच काळे होते, मळमळते, म्हणून बायका ती चुलीमागे टाकून देतात. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. चहाबरोबर मात्र घेऊ नका, चहा लोह अडवतो. अंबाडीच्या भाजीवर, डाळीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह जास्त अंगी लागते.

काका आठवड्याने सुनेला घेऊन आले. ती सिकलसेलची वाहक निघाली. हिमोग्लोबिन नऊ. तिच्या नवऱ्याचीही तपासणी केली, कारण दोघेही वाहक असते तर बाळाचा प्रश्न होता. त्याचा अहवाल चांगला आला. गोळ्या सुरू झाल्या.

निघताना काकांनी पिशवीतून एक बाटली काढली. दुकानदाराने ताकदीसाठी दिलेले लोहाचे टॉनिक, तीन वर्षे रोज दोन चमचे ते स्वतः घेत होते. हिमोग्लोबिन त्यांचे साडेचौदा. मी ती बंद करायला सांगितली. ते म्हणाले, ‘मग ही उरलेली सूनबाईला देऊ का?’

म्हटले, ‘नको काका. तिची गोळी उपकेंद्रात फुकट मिळते. तेवढी संपू देऊ नका.’